हुशार लीड, गप्प टीम

प्रश्न: मी पुण्यात आयटीत टीम लीड आहे, कोडमधली चूक मला दोन मिनिटांत दिसते, पण मीटिंगमध्ये सगळे गप्प आणि प्रॉब्लेम कळतो तो थेट क्लायंटच्या मेलमधून. माझी हुशारी कमी पडतेय का?

उत्तर: हुशारी भरपूर आहे हो, तीच आडवी येतेय! चूक लगेच पकडली जाईल, नाव पुढे येईल या धास्तीने टीम गप्प बसते. ऑगस्ट १९७९ मध्ये एसएलव्ही-३ हे रॉकेट समुद्रात कोसळलं, प्रोजेक्ट अब्दुल कलामांचा, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन बसले आणि अपयश स्वतःच्या अंगावर घेतलं, अन् जुलै १९८० ला जमलं तेव्हा मात्र कलामांना पुढे केलं. धवन स्वतः एरोडायनॅमिक्समधले दिग्गज, म्हणजे डोकं कमी नव्हतंच. तुम्ही पुढच्या क्लायंट कॉलवर 'आमच्याकडून राहिलं' एवढंच म्हणून बघा, कोणाचं नाव न घेता. (आणि मेलमध्ये साहेबांना सीसीत टाकायची सवय असेल तर तीही सोडा.)