अनोळखी कमांडला शून्य

प्रश्न: मी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गोकुळ शिरगावला इंटर्नशिप करते. तिथल्या कंट्रोलर बोर्डावर यू-बूट हा बूटलोडर आहे, म्हणजे बोर्ड चालू होताना मुख्य सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम. त्याच्या शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या जागी) नसलेली कमांड दिली, तर ‘अननोन कमांड’ येतं, पण एक्झिट कोड, म्हणजे कमांड यशस्वी झाली की नाही हे सांगणारा आकडा, 0 मिळतो. मी त्याच्याच मागे लागले आहे. बाबा म्हणतात, हे सोड आणि कॅम्पसची तयारी कर.

उत्तर: बाबांची काळजी रास्त आहे, तरी हे सोडू नकोस.

शून्य म्हणजे ‘काम झालं’. लिनक्सच्या शेलमध्ये अशा वेळी 127 येतो. बूटलोडरमध्ये ही चूक जास्त घातक, कारण यू-बूटमध्ये कोणत्या कमांड ठेवायच्या हे बिल्ड करतानाच, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करतानाच, ठरतं. समज, बूट स्क्रिप्टमध्ये इमेजचा (सुरू करायच्या सिस्टिमच्या फाइलचा) हॅश, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे ओळखायचा ठसा, तपासणारी ओळ आहे आणि त्या बिल्डमध्ये ती कमांडच घेतलेली नाही. शेलने 0 दिला की स्क्रिप्ट तपासणी झाली असं धरते आणि खराब इमेज चालू होते. संदेश छापला जातो खरा, पण चालत्या मशीनच्या सिरीयल कन्सोलवर (बोर्डाचे संदेश दिसतात त्या पडद्यावर) नजर ठेवून कोण बसतं?

कारखान्यातली यू-बूटची प्रत जुनी किंवा बदललेली असू शकते. म्हणून आधी मूळ यू-बूटची ताजी प्रत घेऊन सँडबॉक्स बिल्ड कर. ते बोर्डाशिवाय, तुझ्या लिनक्स लॅपटॉपवरच चालतं. तिथे दोष दिसला नाही, तर कारखान्याच्या प्रतीत तो कुठे शिरला हे गिटने (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने) शोध. तेही पूर्ण मोलाचं काम आहे. मूळ प्रतीतच असला, तर दुरुस्ती लहान ठेव, सोबत टेस्ट लिही आणि साइन्ड-ऑफ-बाय ओळीसह (हा बदल देण्याचा हक्क मला आहे, अशी नावानिशी ग्वाही) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, यू-बूट प्रकल्पाला पाठव. 127 चा हट्ट नको, यू-बूटमध्ये अपयशाला 1 देण्याचा रिवाज आहे. आणि 0 गृहीत धरून चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट यामुळे अडतील, हे पॅचमध्ये स्वतःहून लिही. कारखान्याचा कोड मात्र साहेबांना विचारल्याशिवाय बाहेर दाखवू नकोस.

फर्मवेअरच्या (उपकरणात बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) नोकरीच्या मुलाखतीत या कामावर तू तासभर बोलू शकशील, आणि माझ्या मते ते कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा वजनदार आहे. ॲप्टिट्यूडला रोज सकाळचा एक तास दे, तो चुकवू नकोस. बाबांना ती हॅशची ओळ लॅपटॉपवर चालवून दाखव, आणि पॅच पाठवायला या सेमिस्टरच्या शेवटापर्यंतची मुदत मागून घे.