धावायला लागल्यावर नडगी दुखू लागली तर

ठाण्याच्या उपवन तलावाकाठी धावायला लागल्यापासून नडगी दुखते, पण पाय मुरगळल्याचे आठवत नाही, असे तुम्ही म्हणता. धावण्याचा दमसास लवकर वाढतो, मात्र हाडाला वाढत्या भाराची सवय व्हायला त्याहून बराच अधिक काळ लागतो, त्यामुळे असे दुखणे हळूहळू साचत येते. नडगीच्या आतल्या कडेवरून बोटाने दाबत खाली यावे. दुखरा पट्टा चार-पाच बोटे लांब असेल, तर बहुधा हाडालगत ताण आलेला असतो. परंतु एकाच जागी बोट टेकताच कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडाची बारीक चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, म्हणून तो स्वच्छ आला तरी दुखत असताना धावू नये. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मला मुळीच मान्य नाही. नुसता ताण असेल, तर भरभर चालतानाही दुखेनासे होईपर्यंत थांबावे आणि मग जवळच्या येऊर डोंगराचे चढ-उतार टाळून, सपाटीवर, एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असे एक दिवसाआड सुरू करावे.