गच्चीवर चढणाऱ्यांना रोखा, पण तारेत करंट सोडू नका

प्रश्न : गोव्यातल्या फोंडा शहरात रस्त्यालगत आमची दुमजली व्यापारी इमारत आहे. खाली दुकाने, वर दवाखाना आणि शिकवणी वर्ग, मागे सिमेंटच्या पत्र्यांचे गोदाम. वर्षभरापासून रात्री मुले मागच्या पाइपवरून आणि शेजाऱ्याच्या फणसावरून पत्र्यावर उतरतात व तिथून गच्चीवर जातात. दारूच्या बाटल्या टाकतात, रील काढतात. टाकीचे झाकणही फोडले. शिगम्याच्या चित्ररथांच्या दिवशी तर वीस-पंचवीस जण वर असतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो, कठड्यावरून तार ओढून रात्रीपुरता करंट सोडू. मेहुणा म्हणतो, पाइपला ग्रीस फासून वर काचा पेरू, आणि कोणी सापडला की गच्चीचे दार बाहेरून लावून कोंडून ठेवू. कायद्याने यातले काय करता येईल?

उत्तर : आधी तारेचे बोलतो, बाकीचे नंतर. ती ओढून झाली असेल तर हे वाचता वाचताच मेन स्विच पाडा आणि उद्या सकाळी ती काढायला लावा.

सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’ या खटल्यात नेमका हाच प्रश्न निकाली काढला. आरोपीच्या शेजारी राहणाऱ्या बाईच्या शौचालयाची भिंत पडली होती, म्हणून ती त्याचे शौचालय वापरू लागली. त्याने तिला बजावले, ती ऐकेना. मग त्याने शौचालयाच्या वाटेवर उघडी तार लावून तीत वीज सोडली. बाईचा हात लागला आणि ती गेली. जागा माझी, ती विनापरवाना आली, मला माझ्या मालमत्तेच्या बचावाचा हक्क होता, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची त्याची शिक्षा कायम केली. विनापरवाना आत शिरलेला माणूस काही कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, त्याला इजा होईल असा सापळा जागामालक रचू शकत नाही, हे त्या निकालाचे सार. साठ वर्षे झाली, आजही तोच कायदा आहे. फरक इतकाच की भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली आता या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंड संहितेत दोन होती. आणि आपल्याकडचा पाऊस लक्षात घ्या. भिजलेल्या कठड्यावर अशी तार असेल तर पहिला बळी टाकी साफ करायला आलेला तुमचाच कामगार ठरू शकतो.

स्वसंरक्षणाचा हक्क मालमत्तेलाही आहे, हे खरे. याच संहितेच्या कलम ३५ मध्ये गुन्हेगारी अतिक्रमणाविरुद्धही, म्हणजे वाईट हेतूने दुसऱ्याच्या जागेत शिरण्याविरुद्धही, तो दिलेला आहे. पण कलम ३७ त्याला दोन मर्यादा घालते : पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. तुमचा त्रास वर्षभराचा आहे. पोलिसांकडे जायला वेळ नव्हता, असे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?

ग्रीसचा बेत मला तारेइतकाच घातक वाटतो. पाइपवर दहा-बारा फूट चढल्यावर हात निसटावा, हाच त्यामागचा हेतू आहे. मूल पडून हाड मोडले तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. काचांचेही तेच. अंधारात न दिसणाऱ्या काचा म्हणजे सापळाच. माझ्या पक्षकारांना मी एक कसोटी सांगतो : तुमचा बंदोबस्त खाली उभ्या माणसाला रस्त्यावरून दिसतो का, आणि तो पाहून माणूस चढायचेच सोडून देईल का? दोन्हींचे उत्तर हो असेल तर न्यायालयात तुमची बाजू भक्कम राहते. चढल्यानंतर लागावे म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट तुमच्यावरच उलटते.

या कसोटीवर टिकेल असे बरेच काही आहे. मागचा पाइप जमिनीपासून आठ-दहा फुटांपर्यंत गुळगुळीत पत्र्याच्या पेटीत बंद करा, म्हणजे पकडायलाच काही उरणार नाही. त्याच्या वर लोखंडी काट्यांची कडी बसवली तरी चालेल, फक्त ती पिवळ्या रंगाने रंगवा आणि डोक्याच्या बऱ्याच वर ठेवा. टाकीची लोखंडी शिडी खालून कापून सरकती करा. माणूस हलला की पेटणारा दिवा मागच्या बाजूला लावा. रील काढणाऱ्यांना प्रकाश हवा असतो, पण दारू पिणाऱ्यांना नको असतो. फणस तोडायच्या भानगडीत पडू नका. झाड शेजाऱ्याचे आहे, शिवाय गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याची परवानगी लागते. शेजाऱ्याशी बोलून त्याच्या संमतीने बुंध्याभोवती पत्रा गुंडाळा. कठडा वाढवायचा किंवा गच्चीवर जाळीचा पिंजरा करायचा असेल तर आधी पालिकेची परवानगी घ्या. अशी कामे बेकायदा बांधकाम ठरून नोटिसा आलेल्या मी पाहिल्या आहेत.

गच्चीच्या दाराला कुलूप नको. वर रुग्ण आणि विद्यार्थी असतात, आग लागली तर कदाचित तीच सुटकेची वाट ठरेल. जिन्याच्या बाजूने ढकलताच उघडणारा आणि उघडला की भोंगा वाजवणारा अडसर बसवा. आता कोंडून ठेवण्याविषयी. सामान्य नागरिकाला कोणाला पकडायचा अधिकार आहे तो डोळ्यांदेखत घडलेल्या अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही अशा) व दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्यात, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. गच्चीवर चढणे हा गुन्हा ठरला तरी तो जामीनपात्र आहे. त्यासाठी दार लावून ठेवलेत तर बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावर, आणि घाबरून कोणी खाली उडी मारली तर पुढचे मला लिहवतही नाही. ११२ ला फोन करा, खाली थांबा, वर जाऊ नका.

तक्रार मात्र जरूर करा, पण तयारीने करा. कलम ३२९ नुसार नुसते शिरणे पुरत नाही; गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. तिथेच अशा केसेस पडतात. ‘कोणी अडवलेच नाही, आम्ही सहज गेलो’ असे मुले सांगतात आणि सुटतात. म्हणून मराठी, कोकणी, इंग्रजी आणि हिंदीत ठळक फलक लावा : प्रवेशबंदी आहे आणि पत्रे ठिसूळ आहेत. तारीख दिसेल असा त्याचा फोटो ठेवा. फलक वाचूनही जो चढला त्याचा हेतू दाखवणे मग बरेच सोपे जाते. पत्र्यांचा इशारा तर तुम्ही द्यायलाच हवा. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने क्षणात फुटतो, आणि तो ठिसूळ आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

साध्या गुन्हेगारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. माल साठवायच्या इमारतीत शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत जाते, आणि तुमच्याकडे गोदाम व दुकाने असल्याने तक्रारीत तो मुद्दा लिहा. टाकीच्या झाकणाची नासधूस बिलासह वेगळी नोंदवा. पोलीस स्थानकाने घेतली नाही तर अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. सीसीटीव्हीचे चित्रण मूळ स्वरूपात जपा. ते पुरावा म्हणून द्यायचे तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

हे चित्रण गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नका. तुमच्या वर्णनावरून यातली बरीच मुले अठराच्या आतली दिसतात. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मारहाण केलीत तर आपल्याकडे २००३ चा गोवा बाल कायदाही आहे. प्रत्येक चापट बाल अत्याचार ठरत नाही, पण ते सिद्ध करायला तुम्हाला बाल न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. अशा किरकोळ गुन्ह्यात अल्पवयीन मुलावर सहसा एफआयआर होत नाही, पोलीस रोजनाम्यात नोंद करून बाल न्याय मंडळाला अहवाल देतात. माझा अनुभव असा की ओळखीच्या मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांना तो ठिसूळ पत्रा दाखवला की निम्मे काम तिथेच होते.

राहिला शिगमो. त्या रात्री चढणारे तुमचे नेहमीचे नव्हेत, त्यात बायामुलेही असतील आणि तीही त्याच पत्र्यावर उभी राहतील. मिरवणुकीच्या आठवडाभर आधी पोलीस स्थानकाला आणि पालिकेला पत्र द्या, पोच घ्या, मागच्या बोळाच्या तोंडाशी अडथळा लावा आणि संध्याकाळपासून दोन माणसे तिथे उभी करा. त्यांच्या हातात काठी देऊ नका, बॅटरी द्या.