मापात पाप

प्रश्न : मॅडम, मी विदर्भातल्या एका कृषी महाविद्यालयात घाटेअळीवर पीएच.डी. करते. तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांना खाद्यातून कीडनाशकाची मारक नसलेली मात्रा दिली आणि ४८ तासांनी एका पी-४५० जनुकाची (विष पचवणाऱ्या प्रथिनाचं जनुक) अभिव्यक्ती मोजली. ॲक्टिन धरून हिशेब केला तर ती सहापट वाढलेली दिसते, ईएफ-वन-अल्फा धरून केला तर जेमतेम दीडपट. सर म्हणतात, सगळे ॲक्टिनच वापरतात, सहापट लिहून टाक. मला झोप येत नाही. सीटीचे आकडे सोबत पाठवते. कोणता हिशेब खरा?

उत्तर : झोप येत नाही ना? मग अजून काही बिघडलेलं नाही. आकडा लिहून टाकला की झोप छान लागते, आणि सगळा घोळ तिथून पुढे सुरू होतो.

ज्या वाचकांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादं जनुक पेशीत किती चालू आहे ते त्याच्या आरएनएवरून कळतं. त्या आरएनएची डीएनए-प्रत (सीडीएनए) करून रिअल-टाइम पीसीआरच्या यंत्रात तो दुप्पट-दुप्पट वाढवत नेतात. चकाकीची ठरावीक रेषा गाठायला जितकी आवर्तनं लागतात, तो सीटी. माल जास्त असेल तर सीटी कमी, आणि एका सीटीचा फरक म्हणजे दुपटीचा फरक. पण नळ्यांमध्ये मुळातच माल कमी-जास्त पडलेला असतो. म्हणून सोबत एक न बदलणारं जनुक मोजायचं आणि सगळं त्याच्या तुलनेत सांगायचं. हे संदर्भ जनुक म्हणजे आपलं मापटं; पत्रातली ॲक्टिन आणि ईएफ-वन-अल्फा (पुढे नुसतं ईएफ) ही अशीच दोन मापटी. आता मापटंच प्रयोगात लहान-मोठं व्हायला लागलं, तर धान्य किती हे कोण सांगणार?

तुमचे आकडे बघू. पी-४५०चा सीटी साध्या अळ्यांत २६, औषध खाल्लेल्यांत २५.४. ईएफ दोन्हीकडे १७.५. ॲक्टिन मात्र १९ वरून २१ वर गेलंय. म्हणजे दोन सीटी, म्हणजे चौपट घट. तुमच्या ‘सहापट’मधली चौपट ही ॲक्टिनच्या पडण्यातून आलेली आहे, पी-४५०चा वाटा उरलेल्या दीडपटीचा. दोन्ही गटांत आरएनए मोजून सारखाच घातला होता असं तुम्ही लिहिलंय. तसं असेल तर संदर्भ जनुकाचा कच्चा सीटी एवढा हलायला नको. हिशेबाच्या सूत्रात शिरण्याआधी कच्चे सीटी नुसते डोळ्यांखालून घालायची सवय लावून घ्या. अर्धी चोरी तिथंच पकडली जाते.

मग दीडपट खरं का? तेही मी इतक्यात म्हणणार नाही. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य जनुकाबद्दलचं नाहीच. तुम्ही लिहिता, ‘औषध दिलेल्या अळ्या थोड्या लहान राहिल्या होत्या.’ अहो, तिसऱ्या अवस्थेतली अळी दोन दिवसांत कात टाकून चौथ्या अवस्थेत जाऊ शकते. औषधानं जिचं खाणं तुटलंय ती मागेच राहणार. तुम्ही घड्याळ बघून नमुने घेतले, त्यामुळे एका नळीत चौथ्या अवस्थेतली खादाड अळी आणि दुसरीत तिसऱ्याच अवस्थेत अडकलेली उपाशी अळी, असं झालं असण्याची दाट शक्यता आहे. औषधाच्या नावावर तुम्ही वाढीचा फरक मोजताय.

आणि वाढीच्या फरकाला ॲक्टिन फार हळवं. ते एकच जनुक नसतं. फळमाशीत, म्हणजे ड्रॉसोफिलात, ॲक्टिनची सहा जनुकं आहेत : दोन पेशींच्या सांगाड्यातली, चार स्नायूंतली, आणि त्यातलं एक तर प्रौढ माशीच्या उडण्याच्या स्नायूंपुरतं. सहाही एकमेकांसारखी इतकी दिसतात, की प्रायमर (मोजायच्या जनुकाला चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) सारख्या भागावर बसला तर तुम्ही कोणतं ॲक्टिन मोजताय हे तुम्हालाच कळत नाही. घाटेअळीसाठी तुम्ही प्रायमर कुठून घेतला? ‘जुन्या पेपरमधून’ असं उत्तर असेल तर आधी तो जिनोमवर ताडून बघा.

मी स्वतः यापेक्षा मोठा गाढवपणा केलाय. आमच्या लॅबमध्ये रिअल-टाइमचं यंत्र नवीन आलं तेव्हा मी रायबोसोममधला १८ एस आरएनए संदर्भ म्हणून धरला. इतका मुबलक, तो कशाला बदलतोय, असा विचार. सीडीएनए मात्र ऑलिगो-डीटीनं करत होते. ऑलिगो-डीटी आरएनएच्या पॉली-ए शेपटीला धरतो, आणि १८ एसला ती शेपटी नसते. म्हणजे मी चार महिने जे मोजत होते ते चुकून-माकून उतरलेलं १८ एस होतं; एका प्लेटवर एक, दुसऱ्या प्लेटवर भलतंच. रँडम प्रायमर वापरले असते तरी आठ-नऊ सीटीला येणाऱ्या जनुकाच्या मापानं सत्तावीसला येणारं जनुक मोजायचं म्हणजे ट्रकच्या काट्यावर केशर तोलण्यासारखं झालं असतं.

तर आता करायचं काय? आधी अळ्या. घाटेअळ्या एकमेकींना खातात, तेव्हा प्रत्येकीला वेगळी डबी तुम्ही देतच असाल. त्या डब्या रोज बघा. कात टाकायच्या आधी अळी खाणं थांबवते आणि जुनं डोक्याचं कवच पुढे सरकून मागे नवं, मोठं डोकं दिसायला लागतं. अशा अळ्या दोन्ही गटांतून बाजूला काढा. घड्याळाऐवजी अवस्था जुळवा, म्हणजे कात टाकल्यावर ठरावीक तासांनी औषध आणि ठरावीक तासांनी नमुना. शिवाय औषध न देता तितकंच कमी खाऊ घातलेला तिसरा गट ठेवा. तो नसेल तर उपासाचा परिणाम आणि औषधाचा परिणाम कधीच वेगळे होणार नाहीत. जीएपीडीएच हे आणखी एक नेहमीचं संदर्भ जनुक साखर मोडण्याच्या कामातलं (ग्लायकोलिसिस), ते उपासात हलू शकतं. ईएफ प्रथिनं बनवण्याच्या कामातलं, तेव्हा त्यालाही निर्दोष समजू नका.

मग संदर्भ जनुकाचे सहा-आठ उमेदवार घ्या, पण वेगवेगळ्या खात्यांतले. आरपीएल३२, आरपीएस३ आणि आरपीएल१३ अशी तिन्ही रायबोसोमचीच प्रथिनं घेतलीत तर जीनॉर्म (संदर्भ जनुकांची स्थिरता तपासणारी संगणक-प्रणाली; पुढची नॉर्मफाइंडर, रेफफाइंडरही तशीच) त्यांना डोक्यावर घेईल. ते जनुकांच्या जोड्यांतलं गुणोत्तर किती स्थिर आहे तेवढंच बघतं. दोघं हातात हात घालून बुडाले तरी त्याला ते स्थिरच वाटतात. नॉर्मफाइंडर गटागटातला फरक वेगळा काढतं, म्हणून तुमच्यासारख्या प्रयोगात मी त्याचं जास्त ऐकते. रेफफाइंडर सगळ्यांची मतं एकत्र करून क्रमवारी देतं, पण कच्चे सीटी घेतं आणि प्रत्येक प्रायमर शंभर टक्के चालतो असं धरून बसतं. तेव्हा प्रायमरची क्षमता आधी स्वतः काढा. सीडीएनए दहापट पातळ करत गेल्यावर सीटीच्या आलेखाचा उतार उणे ३.३२च्या आसपास आला तर शंभर टक्के. नव्वद ते एकशे दहा चालतं.

आणि एकावर भिस्त ठेवू नका. जीनॉर्ममध्ये दोनवरून तीन जनुकांवर गेल्यानं पडणारा फरक ०.१५ पेक्षा कमी असला तर दोन पुरे होतात. त्यांची भौमितिक सरासरी घ्यायची.

राहता राहिले सर. त्यांच्याशी वाद घालू नका. रिअल-टाइम पीसीआरचे प्रयोग कसे करावेत आणि मांडावेत याच्या २००९ सालच्या एमआयक्यूई मार्गदर्शक सूचना छापून टेबलावर ठेवा. संदर्भ जनुक त्याच ऊतीत, त्याच प्रयोगात तपासून घ्यावं आणि तसा पुरावा नसेल तर एकाच जनुकावर काम भागवू नये, हे त्यात स्पष्ट आहे. परीक्षकानं विचारण्याआधी आपण विचारलेलं बरं, असं म्हणा. गाईड मंडळींना परीक्षकाचं नाव काढलं की पटतं.

प्रश्न : किडींचा आरएनए यंत्रावर तपासला की (१८ एस आणि २८ एस असे) दोनऐवजी एकच पट्टा दिसतो आणि आरएनएच्या गुणवत्तेचा गुणांक वाईट येतो. सडला असेल का? (पुण्याचे एक वाचक)

उत्तर : बहुधा नाही. बऱ्याच कीटकांच्या २८ एस या रायबोसोमच्या मोठ्या आरएनएला मधोमध मुळातच एक चीर असते. दोन्ही तुकडे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. नमुना गरम केला की ते सुटतात, आणि प्रत्येकाची लांबी १८ एसच्या जवळपास असल्यामुळे सगळे एकाच जागी येऊन बसतात. सस्तन प्राण्यांच्या आरएनएवर बेतलेला गुणांक इथं फसतो. तोच नमुना न तापवता साध्या ॲगरोज जेलवर चालवून बघा, वरचा पट्टा परत दिसेल. खरोखर सडलेला आरएनए पट्ट्याखाली फराटा सोडतो. मावा यातला अपवाद, त्याच्या २८ एसला ही चीर नसते. तुमची कीड मावा असेल आणि तरी एकच पट्टा येत असेल, तर मात्र आरएनए पुन्हा काढा.