प्रश्नोत्तरे : प्रतिस्पर्ध्याच्या गोटात गेलेला खेळाडू

प्रश्न : गेली अठरा वर्षे आम्ही ओहायो राज्यात, कोलंबसजवळ राहतो. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो इथेच जन्मला आणि कॉलेज फुटबॉलचा शनिवार त्याच्यासाठी सणासारखा असतो. त्याच्या आवडत्या संघातला एक खेळाडू यंदा संघ सोडून थेट कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठात गेला. ती बातमी आली त्या संध्याकाळी मुलाने त्या खेळाडूच्या क्रमांकाची जर्सी कपाटातून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझ्या पत्नीने ती गुपचूप बाहेर काढून, धुऊन, घडी करून ठेवली आहे. "बाबा, तो गद्दार आहे," यापलीकडे मुलगा काही बोलत नाही. ज्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली, नाव दिले, त्याला सोडून समोरच्या संघात जाणे योग्य आहे का? मुलाची समजूत काढू, की त्याचेच बरोबर आहे असे म्हणू?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : आपल्या मुलाचे दुःख खरे आहे आणि ते पोरकट समजून बाजूला सारू नये, हे आधी सांगतो. इतर वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा हा अमेरिकी खेळ तिथल्या काही विद्यापीठांत एक लाखाहून अधिक प्रेक्षकांपुढे खेळला जातो. कोलंबसचे ओहायो स्टेट विद्यापीठ आणि शेजारच्या राज्यातले मिशिगन विद्यापीठ यांच्यातली चुरस १८९७ सालापासूनची आहे. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरचे 'एम' हे अक्षर लाल चिकटपट्टीने फुली मारून झाकले जाते, कारण त्या अक्षराने मिशिगन सुरू होते. जिथे अक्षरसुद्धा सहन होत नाही, तिथे माणूस त्या बाजूला गेला तर चौदा वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल, याची मला कल्पना येते.

तरीही 'गद्दार' हा शब्द मला मान्य नाही. गद्दारीसाठी आधी निष्ठेचा करार दोन्ही बाजूंनी असावा लागतो, आणि या खेळात तो कित्येक वर्षे एकाच बाजूने होता. १९७३ पासून जवळजवळ चार दशके तिथली क्रीडा शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे. खेळाडूने विद्यापीठाला चार वर्षे द्यावीत अशी सर्वांची अपेक्षा असे, पण विद्यापीठ मात्र दरवर्षी नव्याने विचार करायला मोकळे असे. प्रशिक्षकांचे तर विचारूच नका. निक सेबन यांनी लुइझियाना स्टेटला विजेतेपद मिळवून दिले, मध्ये व्यावसायिक संघाकडे दोन वर्षे काढली आणि २००७ मध्ये त्याच लुइझियानाचे कडवे प्रतिस्पर्धी असलेल्या अलाबामाची सूत्रे हाती घेतली. लिंकन रायली यांचा ओक्लाहोमा संघ २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ओक्लाहोमा स्टेटशी हरला आणि दुसऱ्याच दिवशी ते कॅलिफोर्नियातील यूएससीला जात असल्याचे जाहीर झाले. चाहते चिडले, पण या दोघांना नव्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून काम करता आले. खेळाडूने संघ बदलला तर मात्र त्याला एक संपूर्ण हंगाम मैदानाबाहेर बसावे लागे. पन्नाशीतल्या माणसाला जे विनाअट मिळते, ते विशीतल्या मुलाला शिक्षा भोगूनच मिळावे, याला मी न्याय म्हणू शकत नाही.

बेकर मेफील्ड या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूची, गोष्ट मुलाला अवश्य सांगा. २०१३ मध्ये तो टेक्सास टेकमध्ये शिष्यवृत्तीशिवाय, तिकडे 'वॉक-ऑन' म्हणतात तसा दाखल झाला आणि पहिल्याच सामन्यात उतरला. पुढे दुखापत झाली, जागा गेली, प्रशिक्षकांशी संवाद उरला नाही असे त्याचे म्हणणे होते. तो त्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या त्याच गटातल्या, ओक्लाहोमाला गेला, तेही पुन्हा शिष्यवृत्तीशिवाय. २०१४ चा हंगाम त्याने बाहेर बसून काढला आणि कॉन्फरन्सच्या नियमामुळे खेळण्याच्या हक्काचे एक वर्षही त्याच्या खात्यातून वजा झाले. ज्याने कुणाचा एक डॉलरसुद्धा घेतला नव्हता, त्याला ही शिक्षा कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर कुणाकडे नव्हते. २०१६ च्या जूनमध्ये कॉन्फरन्सच्या दहा विद्यापीठांनी या नियमावर मतदान केले. पाच विरुद्ध पाच अशा बरोबरीमुळे बदल फेटाळला गेला, दुसऱ्या दिवशी सुधारित प्रस्ताव सात विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला आणि मेफील्डला त्याचे वर्ष परत मिळाले.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला तो लबक शहरात, टेक्सास टेकच्या घरच्या मैदानावर, ओक्लाहोमाकडून उतरला. प्रेक्षकांत 'गद्दार' असे छापलेले टी-शर्ट घातलेली मंडळी होती आणि चेंडू त्याच्या हातात आला की हुर्यो उठत होती. त्या रात्री त्याने ५४५ यार्ड आणि सात टचडाउनचे, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, पास दिले. समोर टेक्सास टेककडून खेळणाऱ्या पॅट्रिक महोम्सने ७३४ यार्डांचे पास दिले. ओक्लाहोमाने सामना ६६-५९ असा जिंकला. मेफील्ड निघून गेला म्हणून टेक्सास टेकचे मैदान ओस पडले नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो. पुढे त्या जागेवर जो मुलगा उभा राहिला, तो महोम्स आज त्या खेळातला सर्वांत मोठ्या नावांपैकी एक आहे.

पुढचा भाग आपल्या मुलाला बहुधा माहीत असेल. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये कोलंबसच्याच मैदानावर ओहायो स्टेटला ३१-१६ असे हरवल्यावर मेफील्डने मैदानाच्या मध्यावर ओक्लाहोमाचा झेंडा रोवला आणि नंतर त्याबद्दल माफीही मागितली. त्या आठवड्यात कोलंबसमध्ये त्याच्याइतका नकोसा माणूस दुसरा नसेल. सात महिन्यांनी ओहायोच्याच क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला पहिल्या क्रमांकाने निवडले, आणि २०२१ च्या जानेवारीत त्याच्या नेतृत्वाखाली ब्राउन्सने पिट्सबर्गला ४८-३७ असे हरवून १९९५ नंतरचा पहिला प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीतला, विजय मिळवला. ज्या राज्याने त्याला शिव्या घातल्या, तिथेच मुलांनी त्याच्या नावाची जर्सी घातली.

आपल्या दारातले उदाहरण याहून जवळचे आहे. जस्टिन बोरेन हा कोलंबसजवळच्या पिकरिंग्टनचा मुलगा. त्याचे वडील मिशिगनकडून खेळलेले, म्हणून तोही मिशिगनला गेला. २००८ मध्ये नवे प्रशिक्षक आल्यावर संघातले कुटुंबासारखे वातावरण राहिले नाही, असे जाहीर निवेदन देऊन तो बाहेर पडला आणि थेट ओहायो स्टेटमध्ये दाखल झाला. एक हंगाम बाहेर बसून पुढची दोन वर्षे तो तिथे खेळला, आणि त्याच्यामागून त्याचे दोन धाकटे भाऊही ओहायो स्टेटकडूनच खेळले. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावात त्याला काय काय म्हटले गेले असेल ते असो, कोलंबसमध्ये मात्र तो घरी परतलेला मुलगा होता. कृती एकच, आणि तिचे नाव आपण कोणत्या गावात उभे आहोत त्यावर ठरते.

म्हणून मुलाला हे सगळे सांगा, पण त्याच्यावर लादू नका. त्याला राग येऊ द्या. तो खेळाडू गेला कसा, हे मात्र दोघे मिळून नीट पाहा. सहकाऱ्यांना तोंडावर सांगून गेला की त्यांना बातमी फोनवर कळली, हंगाम संपवून गेला की मध्येच, जाताना जुन्या संघाविषयी काय बोलला, या गोष्टींवरून माणसाची परीक्षा करता येते. नुसत्या ठिकाणावरून येत नाही. जर्सी परत आणून समोर ठेवू नये, असे आपल्या पत्नीस सांगावे. ती कपाटात राहू द्या. मागितली तर द्या.

प्रश्न : वसीम जाफर मुंबई सोडून आमच्या विदर्भाकडे आले तेव्हा त्यांना कुणी गद्दार म्हटल्याचे मला आठवत नाही. मग अमेरिकेत महाविद्यालयीन मुलांच्या बाबतीत एवढा गहजब का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जाफर २०१५ मध्ये विदर्भाकडे आले तेव्हा मुंबईसाठी त्यांनी जे करायचे ते करून झाले होते, आणि विदर्भ मुंबईचा बरोबरीचा प्रतिस्पर्धी समजला जात नव्हता. २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी दोन वर्षे लागोपाठ रणजी करंडक विदर्भाकडे गेला, तेव्हा ते समीकरण बदलले. यशस्वी जयस्वालने २०२५ च्या एप्रिलमध्ये गोव्याकडे जाण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितले, तेव्हा चर्चा बरीच झाली आणि पुढच्याच महिन्यात त्याने ती विनंती मागे घेतली. म्हणजे आपल्याकडेही मन दुखतेच.

फरक एवढाच की आपण संघटनेसाठी खेळतो आणि तिकडे खेळाडू विद्यापीठाचा विद्यार्थी असतो. समोर बसलेल्या हजारो लोकांनी त्याच वर्गांत, त्याच वसतिगृहांत वर्षे काढलेली असतात. त्यांच्या दृष्टीने तो आपल्याच शाळेतला मुलगा असतो, आणि म्हणून तो गेला की घाव घरचा वाटतो.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेतच जन्मलेला असून टेक्सासमधल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघात किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा खेळाडू, आहे. दोन वर्षे झाली तरी त्याला मैदानावर फारशी संधी मिळालेली नाही. आता जवळच्याच प्रतिस्पर्धी विद्यापीठात जायचे त्याच्या मनात आहे. माझ्या बहिणीला आणि मेहुण्यांना लोक काय म्हणतील याची धास्ती आहे, आणि मला त्याच्या शिक्षणाची. ही पद्धत नेमकी काय आहे आणि काय जपावे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : आपली काळजी योग्य जागी आहे, ताई. लोकांचे बोलणे एका हंगामात विरते, बुडालेले क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मिळवलेले श्रेयांक, विरत नाहीत.

२०१८ च्या ऑक्टोबरपासून एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संस्थेची ट्रान्सफर पोर्टल नावाची नोंदवही सुरू आहे. खेळाडूने आपल्या विद्यापीठाच्या कम्प्लायन्स (नियमपालन) कार्यालयाला लेखी कळवले की ठरलेल्या मुदतीत त्याचे नाव तिथे चढवावेच लागते, आणि त्यानंतर इतर प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतात. पूर्वी प्रशिक्षकाची परवानगी लागे आणि तो विशिष्ट विद्यापीठांना आडकाठीही करू शके. २०२१ पासून एकदा संघ बदलल्यास बाहेर बसावे लागत नाही आणि २०२४ मध्ये अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलण्याची मुभा मिळाली. फुटबॉलसाठी नाव नोंदवण्याचे दिवस मात्र ठरलेले असतात.

यात दोन खाचखळगे आहेत. नाव नोंदवल्यावर सध्याचे विद्यापीठ चालू सत्राअखेर शिष्यवृत्ती थांबवू शकते, म्हणून पोर्टल म्हणजे परतीचे तिकीट हातात असलेला प्रवास नव्हे. आणि नाव नोंदवण्यापूर्वीच समोरच्या संघातून कुणी बोलणी केली असतील, तर ती नियमबाह्य आहेत. भाच्याला 'तू फक्त नाव टाक, पुढचे आम्ही पाहतो' असे कुणी म्हणाले असेल, तर तिथेच सावध व्हावे. किकरची जागा संघात एक-दोघांचीच असते, आणि ज्या विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याविषयीचा २०२५ चा नवा समझोता स्वीकारला आहे तिथे फुटबॉल संघात १०५ हून अधिक खेळाडू ठेवता येत नाहीत. नाव नोंदवून कुठेच जागा न मिळालेली मुलेही असतात.

शिक्षणाचे गणित त्याने बहिणीसमोर कागदावर मांडावे. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के अभ्यासक्रम पूर्ण असल्याशिवाय वरच्या गटात खेळता येत नाही. नवे विद्यापीठ सगळे क्रेडिट मान्य करेलच असे नाही, आणि मान्य केले तरी ते त्याच्या विषयाच्या पदवीत मोजेल असेही नाही. अशा वेळी कित्येक मुलांना पात्र राहण्यासाठी आवडीचा विषय सोडून सोपा विषय घ्यावा लागतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. कोणते क्रेडिट कोणत्या पदवीत धरले जातील, हे त्या विद्यापीठाच्या निबंधक कार्यालयाकडून लेखी घ्यावे. प्रशिक्षकाचा शब्द इथे चालत नाही.

पैशाविषयीही थोडे सांगतो. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छायाचित्रावर कमावता येते, आणि २०२५ च्या समझोत्यानंतर विद्यापीठेही थेट खेळाडूंमध्ये पैसे वाटू शकतात; २०२५-२६ या पहिल्या वर्षी ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यातला मोठा वाटा क्वार्टरबॅकसारख्यांकडे जातो. किकरला कुणी मोठा आकडा तोंडी सांगितला, तर तो करारात लिहून आल्याशिवाय खरा मानू नये.

हे सगळे जुळत असेल आणि भाच्याला तिथे खरोखर खेळायला मिळणार असेल, तर त्याने जावे. समोरचा संघ प्रतिस्पर्धी आहे म्हणून अडू नये. खेळायला मोजकेच हंगाम मिळतात आणि त्यातली दोन वर्षे त्याची बाकावर गेली आहेत. कार्यालयाला पत्र देण्याच्या आदल्या दिवशी त्याने आपल्या प्रशिक्षकांच्या खोलीत जाऊन समोरासमोर सांगावे, आणि ज्याने दोन वर्षे त्याच्यासाठी चेंडू जमिनीवर धरला त्या सहकाऱ्याला त्याच संध्याकाळी. जुन्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला बहीण आणि मेहुणे जाणार असतील, तर त्यांनी खेळाडूच्या कुटुंबीयांसाठीची, पाहुण्या संघाच्या बाजूची तिकिटे घ्यावीत. तो चेंडूला लाथ मारायला पुढे येईल तेव्हा चहूबाजूंनी ओरडा होईल. निदान त्यांच्या आजूबाजूला तरी त्याची नवी जर्सी घातलेली माणसे असतील.