मारामारीच्या मांगांमध्ये, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, मुली नुसत्या रडतच का असतात? बारा वर्षांच्या भाचीला नारुतो वाचू द्यावं का?

वाचू द्या. उत्तर एवढंच आहे, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. पण प्रश्नाखाली तुम्ही "ती साकुरासारखी रडूबाई व्हायला नको" असं लिहिलंय आणि ते वाचून माझी उजव्या हाताची करंगळी ठणकायला लागली, म्हणून लिहायला बसले.

मी सातवीत होते. नाशिकला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दादा आणि त्याचे तीन मित्र नारुतो, म्हणजे निंजा पोरांची ती गोष्ट, खेळायचे. त्यातला एक जण सायबर कॅफेतून तिच्या ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टूनचे, एपिसोड सीडीवर राइट करून आणायचा. ते बघून झाले की लगेच मंडळी गच्चीवर. तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, त्यावर खिळ्यानं ओरखडून पानाचं चिन्ह काढायचं, कडेला भोकं पाडायची आणि आईच्या उरलेल्या निळ्या ब्लाउजपीसवर शिवून कपाळाला बांधायचं. शिवायचं कुणी? मी. आणि खेळात मी कोण? साकुरा, नारुतोच्या टोळीतली एकुलती मुलगी. तिनं काय करायचं? टाकीच्या मागे बेशुद्ध पडायचं आणि शुद्धीवर आल्यावर टोळीतल्या लाडक्या सासुकेच्या नावानं "सासुके-कुन" म्हणून ओरडायचं. उन्हाळ्यात वर आईच्या कुरडया वाळत असायच्या, त्यामुळे आमची साकुरा पडल्या पडल्या कावळेही हाकलायची.

पडून पडून कंटाळले आणि मैत्रिणीच्या घरच्या कॉम्प्युटरवर मांगा वाचायला लागले. तो ॲनिमेच्या बराच पुढे होता. तिथे मला चियो आजी आणि सासोरीची लढाई सापडली. नारुतो आणि त्याचे गुरू काकाशी दुसऱ्या शत्रूच्या, देइदाराच्या मागे गेलेत, गुहेत फक्त साकुरा आणि एक म्हातारी. समोर शत्रू सासोरी, त्याच्या विषारी बाहुल्या. साकुरानं त्या विषावरचा उतारा आधीच बनवून आणलाय, एका बुक्कीत ती त्याचं बाहुलीचं कवच फोडते, पोटात तलवार घुसलेली असतानाही मागे हटत नाही. आणि मधे वाचवायला एकही मुलगा येत नाही. मी ते इतक्या वेळा वाचलं की मैत्रिणीच्या आईनं विचारलं, परीक्षेला आहे का गं हे?

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाहीर केलं, आजपासून मी ती साकुरा. दादा म्हणाला, "ती अजून आलेली नाही. आपण सीडीत जिथवर पाहिलंय तिथवरच खेळायचं." नियम बघा! मी म्हटलं, आलीय, थांब दाखवते. टाकीच्या ओट्यावर बांधकामातून उरलेल्या विटा होत्या. एक उभी केली आणि सगळा जीव गोळा करून बुक्की मारली.

करंगळीच्या मागचं हाड मोडलं. प्लास्टरमध्ये अख्खा मे महिना गेला. आई मला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं मुलांमध्ये खेळायला?" दादाला कुणी काही म्हटलं नाही. तो प्लास्टरवर सही करायला आला तेव्हा म्हणाला, "अगं, ती लिहिलीच तशी आहे. माझ्यावर काय चिडतेस, लिहिणाऱ्या किशिमोतोला जाऊन विचार. आणि त्या लढाईतसुद्धा तिच्या दोऱ्या आजीच्या हातात होत्या." म्हणजे त्यानं गुपचूप पुढचं वाचलं होतं! चियो खरंच चक्राच्या, म्हणजे अंगातल्या शक्तीच्या, धाग्यांनी साकुराला बाहुलीसारखी नाचवते सुरुवातीला. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून तुमचा प्रश्न माझ्या तावडीत सापडलाय.

मुली कमकुवत असतात ही तक्रारच चुकीची आहे. नारुतोमधली त्सुनादे कमकुवत आहे? ती गावाची होकागे, म्हणजे प्रमुख आहे. ड्रॅगन बॉल या मांगात अठरा नंबर नावाची पोरगी येते आणि बलाढ्य व्हेजिटाचा हात मोडून ठेवते. ताकद वाटायला लेखकाच्या खिशातून काही जात नाही. पानं द्यायला जातं. तुम्ही पानं मोजा. नारुतोतल्या चुनिन परीक्षेत, म्हणजे निंजांच्या बढतीच्या परीक्षेत, तेनतेन विरुद्ध तेमारी ही दोन मुलींची लढत मांगात बघा: सुरू झाली म्हणेपर्यंत संपली, मधलं सगळं गाळलेलं, तेनतेन थेट तेमारीच्या पंख्यावर उताणी. त्याच फेरीत रॉक ली आणि गारा या मुलग्यांना किती जागा मिळालीय ते तुम्हीच बघा. तेनतेन कमकुवत की बलवान हे कळायला तिला आधी चौकट तरी मिळायला हवी ना?

याचं कारण लेखकांचा दुष्टपणा वगैरे नाही. नारुतोसारखे मांगा ज्यात येतात ते शोनेन जंप हे साप्ताहिक आहे. आठवड्याला विसाच्या आसपास पानं, आणि अंकात वाचकांसाठी मतांचं पोस्टकार्ड. कार्डं आली नाहीत तर मालिका बंद. १९९५ मध्ये हा अंक ६५ लाखांवर खपत होता, म्हणजे ही कार्डं म्हणजे काय प्रकरण असेल बघा. आता बारा पात्रांची लढाई वीस पानांत बसवायची तर कात्री कुणावर चालणार? नावातच शोनेन, म्हणजे मुलगे. संपादकाला वेगळं सांगायला लागत नाही. लग्नात पंगतीला वाढपी कमी पडले की बायकांची पंगत शेवटी बसते, तसंच. कुणी ठरवत नाही, पण होतं तेच.

आणि गंमत म्हणजे या लोकांना सगळं दिसत असतं. केसांचंच घ्या. सासुकेला लांब केस आवडतात अशी अफवा, म्हणून साकुरानं ते वाढवलेले. त्याच परीक्षेतल्या मृत्यूच्या जंगलात नारुतो-सासुके बेशुद्ध पडलेत (हो, तेच! बेशुद्ध ते दोघं आहेत, ती नाही), शत्रूची पोरगी तिचे केस धरून तिला खाली दाबते आणि साकुरा कुनाई, म्हणजे निंजाचा सुरा, काढून केसच कापून टाकते. त्या पानावर जमिनीवर पसरलेले केस आहेत आणि तिची पाठ. लिहिणाऱ्याला काय लिहितोय हे नीट माहीत होतं. मग ती शत्रूच्याच टोळीतल्या झाकूच्या हाताला चावते, तो तिला बुकलतो, ती दात सोडत नाही. आणि यानंतर? साकुराच्या गावातल्या इनोची टोळी मदतीला येते, सासुके जागा होतो, शेवट त्याचाच. ७०० प्रकरणं झाली तरी हेच चालू राहिलं. अगदी शेवटी ती सासुकेला थांबवायला जाते तर तो एका नजरेच्या भुलीत तिची छाती फोडून तिला आडवी करतो.

वन पीस या मांगातली कुइना तर मला अजून सहन होत नाही. पुढे मालिकेतला मोठा तलवारबाज होणारा झोरो तिच्याकडून २००१ वेळा हरतो. शेवटची लढत खऱ्या तलवारींची, रात्री, तीही तीच जिंकते. आणि जिंकून रडते, कारण वडिलांनी सांगितलंय की मुलगी जगातली पहिली तलवारबाज होऊ शकत नाही. झोरो तिच्यावर चिडतो, दोघांपैकी एक नक्की होणार अशी शपथ घेतात. किती सुंदर प्रसंग आहे हा! आणि दुसऱ्या दिवशी ती जिन्यावरून पडून मरते. जिन्यावरून! शंभरच्या वर खंड झालेल्या मालिकेत माणसं तोफेच्या गोळ्यांतून वाचतात, आणि जी २००१ वेळा जिंकली तिला जिना पुरला. तिची पांढरी तलवार झोरोकडे, स्वप्नही झोरोकडे. आमच्या दादाला हा प्रसंग फार आवडतो. म्हणतो, यामुळेच झोरो झोरो झाला. झाला ना, मीही तेच म्हणतेय.

जुजुत्सु कायसेन या मांगाच्या वेळी मी पुन्हा फसले. नोबारा कुगिसाकी: गावाकडून तोक्योला आलेली, हातोडा, खिळे आणि गवताची बाहुली घेऊन लढणारी, नटायला आवडतं म्हणून नटणारी. १२५व्या प्रकरणात, २०२० साली, शत्रू माहितोचा हात लागतो आणि ती पडते. मेली की जिवंत, लेखक सांगत नाही. २०२४ मध्ये, २६७व्या प्रकरणात, मालिका संपायला चार प्रकरणं उरलेली असताना ती परत आली आणि एका खिळ्यानं मुख्य खलनायक सुकुनाचा डाव उलटवला. त्या रात्री मी दादाला फोन करून झोपेतून उठवलं. तो म्हणाला, "चार वर्षं टाकीच्या मागे होती म्हण की." हसलो दोघं, पण बोलला ते खरंच.

भाचीला दुसरं काय द्यावं हेही विचारलंय तुम्ही. फुलमेटल अल्केमिस्ट द्या. २७ खंड आहेत, म्हणजे घराची वाट लागत नाही. ते लिहिणारी हिरोमु अराकावा ही होक्काइदोच्या दूधदुभत्याच्या घरातली बाई. मुलग्यांच्याच मासिकात लिहायची, पण तिनं पानं वाटली. लान फान शत्रूला चकवण्यासाठी आपलाच जखमी हात तोडून कुत्र्याला बांधून सोडते. इझुमी कुणीही विचारलं तर आपण गृहिणी आहोत असं ठणकावते आणि पुढच्याच चौकटीत समोरचे लोळलेले असतात. रिझा, ऑलिव्हिए, विनरी, सगळ्यांना आपापलं काम आहे आणि ते पानावर दिसतं. मासिक असल्यामुळे श्वास घ्यायला वेळ मिळतो हे खरं, पण वेळ मिळूनही न देणारे आहेतच.

थोडं सांभाळूनही. बारा वर्षांच्या मुलीला फुलमेटल देणार असाल तर निना टकरचं प्रकरण सुरुवातीलाच येतं, तेव्हा कुणीतरी घरात असू द्या. मी विशीत वाचलं आणि रात्री जेवले नाही. नारुतोत उघड्या बायकांचे चावट विनोद आहेत, जुजुत्सु अजून दोन-तीन वर्षं नको. आणि मी जपानी वाचत नाही, इंग्रजीतूनच वाचलंय सगळं, त्यामुळे माझं सगळंच बरोबर असेल असं नाही. नारुतो मी तीनदा वाचलाय हेही सांगते, नाहीतर वाटेल हिला आवडतच नाही.

पण पुस्तकांपेक्षा, भाची कुणाबरोबर खेळते ते बघा. तिला कोण व्हायचंय ते ती ठरवते की तिचा भाऊ ठरवतो? पट्ट्या कोण शिवतं? ती म्हणाली मी काकाशी, तर ती काकाशी. सीडी कुठवर बघितलीय याचा काही संबंध नाही. आणि दोऱ्यांचं दादाचं म्हणणं: हो, होत्या चियोच्या हातात. तीही बाईच होती. आणि लढता लढता मधेच तिच्या लक्षात येतं की ही पोरगी आता दोऱ्यांशिवायही जमवते. ते पान दादानं वाचलेलं नाही, पैज लावते.

गेल्या भाऊबीजेला तो त्याच्या पोरांना सांगत होता, "आत्यानं विटेला बुक्की मारली, हात मोडला, वीट हललीसुद्धा नाही." वीट पडली होती. ओट्यावरून सरळ खाली, कुरडयांवर. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाच किलो गव्हाच्या होत्या, निम्म्यांचा भुगा झाला होता." दादा हे वाचेलच, तर त्यानं सांगावं, न हललेल्या विटेनं भुगा कसा झाला.