'खात्री नाही' म्हणजे 'येत नाही' असं तिने कधी म्हटलं?

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुण बेताचेच, 61 टक्के. स्पर्श आणि अबोध मन यांवर संशोधन करायचंय म्हणते. 'तुला हे झेपेल का' असं तिला चार वेळा विचारलं, चारही वेळा एकच उत्तर : 'खात्री नाही.' ज्याला स्वतःलाच खात्री नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. मी तिच्यासाठी अवचेतन मनाच्या शक्तीचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बघून ठेवला आहे. तिथे मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून नुसत्या बोटांनी रंग ओळखतात. विषय तोच, शिवाय लगेच स्वतःचं केंद्र काढता येईल. संशोधनात नोकरी मिळते का आणि 61 टक्क्यांवर पुढे प्रवेश मिळेल का, तेवढं कळवा. – एक पालक

उत्तर : प्रवेशाचं आधी उरकून टाकू. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा, मग पीएचडी, हा रस्ता तुम्हाला माहीत आहे आणि 61 टक्क्यांनी तो बंद होत नाही. या शाखेत टक्क्यांपेक्षा संख्याशास्त्र आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं का, हे जास्त बघतात.

पत्रात मला खटकलं ते वेगळंच. एकच प्रश्न तुम्ही चार वेळा विचारलात. पाचव्यांदा विचारलंत तर ती 'हो, नक्की' म्हणेल, नाहीतर 'राहू दे' म्हणेल. दोन्ही उत्तरांतून तिची कुवत कळणार नाही. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय हे तिला कळलं, एवढाच त्याचा अर्थ.

गंमत अशी की तुमच्या मुलीने निवडलेला विषय नेमका याच गाठीपाशी सुरू होतो. बोटाला अगदी हलका, जेमतेम जाणवेल असा धक्का द्यायचा आणि 'जाणवला का?' विचारायचं. चुकीच्या 'हो'ला दंड ठेवला की माणूस 'नाही' जास्त वेळा म्हणतो. 'हो'ला बक्षीस ठेवलं की 'हो' वाढतात. बोट तेच असतं, धक्काही तेवढाच. म्हणून 'किती कळतं' आणि 'कळलं असं म्हणायला माणूस किती पुरावा मागतो' या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. पहिलीला संवेदनक्षमता म्हणतात, दुसरीला निकष. तुमच्या घरात चुकीच्या 'हो'ची किंमत मोठी आहे असं दिसतं. मुलीचा निकष त्यामुळे उंच गेला आहे आणि तुम्ही त्यालाच तिची क्षमता समजताय.

याच मुद्द्यावर अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स आणि त्यांचे विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांनी 1884 मध्ये एक निबंध वाचला होता. बोटावर एकापाठोपाठ दोन दाब द्यायचे, त्यांत अगदी किंचित फरक. जड कोणता ते सांगायचं आणि स्वतःच्या खात्रीला 0 ते 3 गुण द्यायचे. 0 म्हणजे 'काहीच कल्पना नाही, नुसता अंदाज'. अशा 0 गुणांच्या उत्तरांतही पाचांपैकी सुमारे तीन बरोबर निघाली. नुसता अंदाज असता तर निम्मी निघाली असती. तेव्हा 'खात्री नाही' या दोन शब्दांवरून एखाद्याला बाद करण्याआधी थोडं थांबा.

आता तो पट्टीचा प्रकार. 'विषय तोच' हे तुमचं वाक्य पूर्ण चूक आहे. त्वचेत दाब, कंप, ताण, तापमान आणि वेदना यांना प्रतिसाद देणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. कागदावरचा छापील रंग कळवणारं एकही नाही. हा खेळ जुना आहे. सोव्हिएत संघात 1960 च्या दशकात रोझा कुलेशोवा ही बाई बोटांनी वाचते म्हणून गाजली. 1966 मध्ये अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत या साऱ्यावर लिहिलं, त्याचा गाभा एका ओळीचा : पट्टी कितीही घट्ट बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहतेच आणि तिथून खाली दिसतं. त्या केंद्रात वस्तू कुठे धरतात ते नीट पाहा. छातीच्या खाली, नाकाच्या रेषेत. मुलाच्या गळ्याभोवती पुठ्ठ्याची मोठी चकती बसवा, म्हणजे हात त्याच्या नजरेआड जातील. मग विचारा रंग. ही परवानगी केंद्राने दिली नाही तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. आणि मुलांना खोटं बोलायला शिकवणारं केंद्र तुमच्या मुलीने काढावं, असं तुम्हालाही वाटत नसेल.

खरं अबोध संवेदन, म्हणजे आपल्याला जाणीव नसताना शरीराला कळणं, याच्या बरोबर उलट असतं : दुबळं, तुटपुंजं आणि मोजायला महाकठीण. 1983 मध्ये पायार हे फ्रेंच संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्ण स्त्रीबद्दल लिहिलं. मेंदूच्या इजेनंतर तिला एका हातावरचा स्पर्श जाणवत नव्हता. तरीही 'कुठे स्पर्श केला ते दुसऱ्या हाताने दाखवा' म्हटलं की बोट साधारण त्या जागी जायचं आणि तिचं तिलाच नवल वाटायचं. पुढे अशा स्थितीला 'नम्बसेन्स' हे नाव मिळालं. मात्र स्पर्श कशाचा होता हे तिला सांगता येत नव्हतं. फक्त जागा, तीही ढोबळ. यात 'शक्ती' कसली?

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. विद्यापीठांत कायम जागा थोड्या आणि त्यांवर डोळा ठेवून असलेले बरेच. पण स्पर्श मोजता येणाऱ्या माणसाला इतर दारंही आहेत : पक्षाघातानंतरचं पुनर्वसन, स्पर्श परत देणारे कृत्रिम हात, फोन आणि गेमच्या कंट्रोलरमधली कंपनं. मधुमेहींच्या तळपायाची संवेदना तपासतात तो नायलॉनचा धागा 10 ग्रॅम दाबाला वाकतो. असली साधनं बनवणं आणि पारखणं हेही याच विद्येचं काम.

यापुढचं मुलीसाठी.

तुला झेपेल का, हे बाबांना ठरवता येणार नाही आणि मलाही. घरी एक प्रयोग करून बघ. झाकणाच्या दोन सारख्या बाटल्या घे. एकीत मीठ भरून एकूण वजन 200 ग्रॅम कर, दुसरीचं 220. पाणी भरू नकोस. ते हिंदकळतं आणि कानाला उत्तर मिळतं. वरची रिकामी जागा कापसाने दाबून भर, म्हणजे मीठही खुळखुळणार नाही. दोन्ही बाटल्या तासभर एकाच जागी ठेव. थंड वस्तू तेवढ्याच वजनाच्या कोमट वस्तूपेक्षा जड वाटते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय. हात टेबलावर उताणा आणि स्थिर हवा, बाटली तळहातावर ठेवायची. उचलू दिलीस तर स्नायूही मोजमापात येतात आणि तो प्रश्न वेगळा.

आधी कोणती ठेवायची ते पत्त्यांवरून ठरव : लाल आलं तर जड आधी, काळं आलं तर हलकी आधी. मनाने क्रम ठरवलास तर तुझ्या नकळत त्यात नमुना येतो आणि समोरचा तो पकडतो. शिवाय दुसरी बाटली उगाचच जड वाटण्याकडे कल असतो, म्हणून दोन्ही क्रम जवळपास सारख्या वेळा यायला हवेत. एका बैठकीत 40 वेळा, दर वेळी दोन उत्तरं : जड पहिली की दुसरी, आणि खात्री 0 ते 3. खात्रीचे 0 क्वचितच येत असतील तर फरक दोन-दोन ग्रॅमने कमी कर.

खरी मेख हिशोबात आहे. 40 पैकी 24 बरोबर आले, म्हणजे 60 टक्के, म्हणून उड्या मारू नकोस. नुसत्या नाणेफेकीतही 40 मध्ये 14 ते 26 सहज येतात. 200 अंदाजांत ती मर्यादा 86 ते 114 अशी आवळते, तेव्हा 120 ला अर्थ येतो. पण हे 200 सगळे 0 खात्रीचे हवेत. दर चार उत्तरांत एकच 0 मिळत असेल तर एकूण 800 वेळा, म्हणजे 20 बैठका. साधारण आठव्या बैठकीला जीव विटतो. तिथून पुढेही वही उघडावीशी वाटली, तर तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं.

आणखी एक खड्डा, ज्यात मुरलेले संशोधकही पडतात. खूप जणांवर प्रयोग करून मग 'यांना काहीच जाणवलं नव्हतं' असे लोक निकालानंतर वेगळे काढायचे आणि त्यांच्यात परिणाम शोधायचा. त्या निवडीत थोडं जाणवलेले, पण त्या दिवशी योगायोगाने कमी गुण पडलेले लोकही घुसतात. मग परिणाम दिसतो तो त्यांचा, आणि नाव अबोध मनाचं होतं. कोणाला वगळायचं याचा नियम मोजणीआधीच लिहून ठेव.

बाबांसाठीही काम आहे. हात त्यांचा हवा. वीस दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं त्यांनी समोर बसायचं, आणि '0' म्हणायची वेळ आली की '0'च म्हणायचं. बाटल्या ठेवताना तुझा चेहरा आणि हात त्यांना दिसता कामा नयेत. त्यासाठी डोळ्यांवर पट्टी मात्र बांधू नका. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा उभा करा.